पानफुटी आणि मुतखडा : प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

प्रकल्पाला आज कागदोपत्री नाव पडलं. पानफुटीच्या पानांचा रस आणि मुतखडा, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या, विस्टार जातीच्या उंदरांवर. घरी सांगितल्यावर मावशीचा लगेच फोन. तिला मागे ४ मिलिमीटरचा खडा झाला होता. रोज सकाळी अनशापोटी दोन पानं चावून खाल्ली, दिवसभर तांब्याने पाणी प्यायली, तीन आठवड्यांत खडा पडला. "तुला उंदीर कशाला हवेत? मी आहे ना!"

मावशीशी वाद घालत नाही. पण ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआपच लघवीवाटे पडून जातात, आणि भरपूर पाणी प्यायलं की लघवी पातळ होऊन नवे स्फटिक धरायचं प्रमाणही कमी होतं. म्हणजे मावशीच्या बाबतीत पानाने काम केलं, पाण्याने केलं की नुसत्या दिवसांनी, हे मावशीकडे बघून कळणार नाही. म्हणून उंदीर.

६ जून

सगळा दिवस नावातच गेला. आमच्या भागात पानफुटीला सरळ 'पाषाणभेद' म्हणतात. उत्तरेत पाषाणभेद म्हणजे बर्जेनिया, हिमालयात खडकांच्या फटींत उगवणारी. दक्षिणेत एअर्वा लॅनाटा त्याच नावाने विकली जाते. तीन झाडं, तीन वेगळी कुळं, नाव एक. जुन्या ग्रंथांतला पाषाणभेद यातला नेमका कोणता, यावर जाणकारांचा वाद आहे. एक मात्र नक्की, तो आमची पानफुटी नसणार. पानफुटी मूळची मादागास्करची, आपल्याकडे नंतर आलेली. म्हणजे आम्ही 'प्राचीन औषध' तपासत नाही आहोत, लोकांनी नंतर उचललेलं औषध तपासतो आहोत. प्रस्तावातला 'प्राचीन' हा शब्द खोडला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वर न बघता मान डोलावली, म्हणजे पटलं.

परवा हर्बेरियमची शीट केली, म्हणजे झाडाचा नमुना वाळवून कागदावर लावायचा. पानाच्या कडेच्या प्रत्येक खाचेत एक इवलंसं रोप, त्याला पांढरी मुळं. दाबून वाळवायला ठेवलं तरी दोन दिवसांनी कागदाच्या घडीत नवीन फूट! वनस्पतिशास्त्राचे सर म्हणाले, आधी गरम पाण्यातून काढायचं, नाहीतर ही मरत नाही.

११ जून

आज मजा आली. एकाच झाडाची पानं पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला तोडली, रस काढून पीएच बघितला आणि अल्कलीने टायट्रेशन केलं, म्हणजे रसातलं आम्ल मारायला किती अल्कली लागतो ते मोजलं. पहाटेच्या रसाला संध्याकाळच्या तिपटीहून जास्त अल्कली लागला. चाखूनही बघितलं (वहीत लिहू नये, तरी लिहिते): सकाळचं पान चिंचेच्या पाल्यासारखं आंबट, संध्याकाळचं बेचव आणि मागून किंचित कडवट.

यात शोध काही नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन याने भारतात हीच पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून तसं लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं होतं, ते १८१५ साली छापूनही आलं. झाड रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवतं आणि दिवसा उन्हात पानावरच्या छिद्रांची दारं बंद करून तो साठा वापरतं. आता मावशीचं 'सकाळी अनशापोटी' वेगळंच वाटायला लागलं. मॅलिक ॲसिड हे लिंबातल्या सायट्रिक ॲसिडचं जवळचं भावंड, आणि सायट्रिकचा क्षार, म्हणजे सायट्रेट, कॅल्शियमला धरून ठेवून खडा व्हायला अडकाव करतं, हे पक्कं माहीत आहे. तेव्हा पानं पहाटेचीच घ्यायची, वेळ वहीत लिहायची.

२३ जून

काचेतला प्रयोग. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम ऑक्झलेटचे द्राव एकत्र केले की द्राव दुधाळ होतो, ते दुधाळपण ६२० नॅनोमीटरवर मोजायचं. पहाटेचा रस घातला तर दुधाळपण जवळजवळ आलंच नाही. आम्ही दोघी टाळ्या वाजवायच्याच बाकी होतो. मॅडम आल्या, नळीत पीएच पट्टी बुडवली आणि पट्टी माझ्यासमोर धरली. रस इतका आंबट की नुसत्या आंबटपणानेच स्फटिक विरघळत होते! लिंबू पिळलं असतं तरी हेच दिसलं असतं.

पीएच लघवीच्या आसपास आणून पुन्हा केलं. फरक बराच कमी झाला, पण शिल्लक राहिला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो जास्त छान दिसला. रस नसलेल्या नळीत कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटच्या चपट्या, टोकदार वड्या, एकमेकींना चिकटलेल्या. रसाच्या नळीत डायहायड्रेटचे सुटे, पत्राच्या पाकिटासारखे दिसणारे स्फटिक. पेशींना मोनोहायड्रेट जास्त चिकटतो. म्हणजे इथे काहीतरी आहे. तेवढ्याच पीएचचं नुसतं मॅलेट (मॅलिक ॲसिडचा क्षार) घातलं तर निम्मी कथा तेच सांगतं, उरलेली निम्मी रसातल्या इतर कशाची तरी.

५ जुलै

नीतिसमितीची बैठक. फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवर प्रयोग करायच्या परवानगीचा अर्ज, सोळा पानांचा झाला होता. पहिला प्रश्न बाहेरून नेमलेल्या सदस्यांचा: "हे उंदीर न मारता का होत नाही?" काचेतल्या नळीत मूत्रपिंड नसतं, हे उत्तर चाललं. दुसरा प्रश्न: उंदराला खडा होतो का? याचं प्रामाणिक उत्तर 'तसा नाही' असं आहे. उंदराला पाण्यातून इथिलीन ग्लायकॉल देतात, गाड्यांच्या रेडिएटरमध्ये घालतात तेच. यकृत त्याचं ग्लायकोलिक, मग ग्लायऑक्झलिक आणि शेवटी ऑक्झलिक ॲसिड करतं, आणि मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचतात. माणसाचा खडा बऱ्याचदा पॅपिलावरच्या (मूत्रपिंडाच्या आतल्या निमुळत्या टोकावरच्या) कॅल्शियमच्या पांढऱ्या डागावर धरतो, जे १९३७ मध्ये अलेक्झांडर रँडलने दाखवलं. उंदरावरच्या या पद्धतीत तसला डाग नाही. मात्र माणसांचे साधारण ८० टक्के खडे कॅल्शियमचे असतात आणि त्यातले बहुतेक ऑक्झलेटचे, तेवढ्यापुरतं साम्य आहे. समितीने हे वाक्य प्रस्तावात घालायला लावलं. बरं केलं.

३६ मागितले होते, ३० नर मिळाले. कापला गेला तो नेमका मॅलेटचा गट. विषबाधेच्या चाचणीला वेगळ्या ६ माद्या.

१३ ऑगस्ट

विषबाधेची चाचणी संपली. ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमाप्रमाणे आधी ३ माद्या, मग आणखी ३, किलोला २००० मिलिग्रॅम एकदाच, १४ दिवस लक्ष. एकही दगावली नाही. मी जरा धास्तावले होते, कारण या कुळात हृदयावर परिणाम करणारी बुफाडायइनोलाइड असतात. गुरं ही झाडं खाऊन मरतात, आणि फुलोऱ्यात विष जास्त. म्हणून फुलावर न आलेल्या झाडांचीच पानं घेतो आहोत. ही गोष्ट 'नैसर्गिक आहे, काय होतंय' म्हणणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायला हवी. मावशीला ऐकवली. ती म्हणाली, "मी फुलं कुठे खाल्ली?"

फ्रीझ ड्रायरमधून (गोठवून सुकवायच्या यंत्रातून) निघालेली रसाची भुकटी हवेतलं पाणी ओढून पाच मिनिटांत गुळासारखी चिकट होते. छोट्या कुप्यांत भरून सीलबंद केली.

१७ ऑगस्ट, दिवस १

सुरुवात. प्रत्येक गटात ६, पिंजऱ्यात ३-३. गट १ साधं पाणी. गट २ ते ५ ना ०.७५ टक्के इथिलीन ग्लायकॉलचं पाणी, म्हणजे लिटरला ७.५ मिली, २८ दिवस. गट २ ला नळीने नुसतं पाणी, गट ३ ला तुलनेसाठी खड्यावरचं नेहमीचं औषध पोटॅशियम सायट्रेट, गट ४ ला रसाची भुकटी किलोला २०० मिलिग्रॅम, गट ५ ला ४००.

स्फटिक लवकर यावेत म्हणून बरेच जण सोबत अमोनियम क्लोराइड देतात. आम्ही दिलं नाही. त्याने रक्त आम्लधर्मी होऊन लघवीतलं सायट्रेट उतरतं, आणि आमचा रस काम करत असेल तर बहुधा त्याच वाटेने. ज्या दारातून पाहुणा येणार तेच आधी कुलूपबंद कशाला करायचं?

२० ऑगस्ट, दिवस ४

हात बसला. उंदराला मानेमागे धरून अंगठा आणि मधलं बोट पुढच्या पायांखाली, डोकं सरळ रेषेत, गोल टोकाची सुई टाळूला लागून आत. जोर लावायचा नाही, तो स्वतः गिळतो त्या क्षणी ती आपोआप सरकते. पहिल्या दिवशी तीस उंदरांना अडीच तास लागले, आज पन्नास मिनिटं. गट ५ मधला शेपटीवर दोन निळ्या रेघांचा उंदीर सुई बघितली की तोंड फिरवतो. भुकटीचा द्राव आंबट, त्याचं काय चुकलं?

३१ ऑगस्ट, दिवस १५

घोळ. काल सकाळी सगळ्यांना मेटाबॉलिक पिंजऱ्यात (लघवी वेगळी गोळा होते तसल्या) ठेवून २४ तासांची लघवी घेतली. आज सकाळी थेंब काचपट्टीवर घेतले. एकाही गटात स्फटिक नाही. गट २ मध्येसुद्धा नाही! तासभर सगळे ग्लायकॉलच्या बाटलीवर संशय घेत होतो. मग नळ्यांच्या तळाशी बघितलं. कॅल्शियम आणि ऑक्झलेट तळाला बसू नये म्हणून मीच प्रत्येक नळीत हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकून ठेवले होते. स्फटिक झाले असतील तेवढे ॲसिडने खाल्ले. २३ जूनला पट्टी समोर धरली होती, तरी तीच चूक दुसऱ्या रूपात.

२ सप्टेंबर

पुन्हा लघवी घेतली. ताजा थेंब आधी सूक्ष्मदर्शकाखाली, पीएच नंतर, ॲसिड सगळ्यात शेवटी. गट २ चं दृश्य बघून पोटात कालवलं, नजर जाईल तिथे पाकिटं आणि वड्या. गट ५ मध्ये तुरळक. गट ४ दोन्हीच्या मध्ये कुठेतरी, पण गट २ कडे झुकलेला. गट ५ ची लघवीही बाकीच्यांपेक्षा कमी भरली. लघवी कमी आणि तरी स्फटिक कमी, म्हणजे रस जोरदारच म्हणायचा. मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा अंगठा आला.

४ सप्टेंबर

प्राणिगृहातले काका बाटल्या भरताना सहज म्हणाले, "ताई, तुमच्या पाच नंबरवाल्यांना तहान नाय का? त्यांच्या बाटल्या रोज अर्ध्याच रिकाम्या होतात."

मी जागच्या जागी थांबले. ग्लायकॉल पाण्यातूनच जातं. पाणी कमी म्हणजे ग्लायकॉल कमी, ग्लायकॉल कमी म्हणजे ऑक्झलेट कमी, म्हणजे स्फटिक कमी, रसाने काही करो न करो. उंदीर दिवसाला २८ मिली प्यायला तर ०.२१ मिली ग्लायकॉल पोटात जातं, १८ मिली प्यायला तर ०.१३५. एवढा फरक कुठल्याही औषधाला हेवा वाटावा असा. आणि परवा 'लघवी कमी भरली' हे मीच माझ्या अक्षरात लिहिलंय. इशारा वहीत होता, मी त्याची शाबासकी करून टाकली.

आता मागच्या अठरा दिवसांच्या नोंदी बघितल्या. रोज एकच गोष्ट लिहिली आहे: 'बाटल्या भरल्या', पुढे बरोबरची खूण. किती उरलं होतं ते एकदाही नाही. अठरा बरोबरच्या खुणा.

५ सप्टेंबर

कालपासून प्रत्येक बाटली लावताना आणि काढताना वजन. शिवाय एक शंका: तोटीतून गळतही असेल. तीन भरलेल्या बाटल्या रिकाम्या पिंजऱ्यांवर रात्रभर टांगल्या. दोन ठणठणीत, एकीतून ११ मिली गेलं. तिची तोटी आणि छर्रा बदलला. ती कुठल्या पिंजऱ्यावर होती हे कुणालाच सांगता येईना, कारण बाटल्यांना नंबर नाहीत.

गट ५ खरंच कमी पितो, गळती धरूनही. खाणंही थोडं कमी आहे, वजनवाढही मागे. उंदीर बहुतेक पाणी खाण्याच्या आगेमागेच पितो, तेव्हा घट्ट आंबट द्रावाने भूक मंदावत असावी आणि पाणी तिच्या मागोमाग.

८ सप्टेंबर

मॅडमबरोबर दोन तास. मला प्रयोग मध्येच बदलायचा होता, त्या ठाम नाही म्हणाल्या: अर्धा एका पद्धतीचा आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीचा प्रयोग म्हणजे दोन्हीकडून वाया. २८ दिवस पूर्ण करायचे, उरलेल्या दिवसांचं पाणी मोजायचं. छापून आलेले असले पेपर पुन्हा काढून बघितले. 'पाणी हवं तेवढं दिलं' हे वाक्य जवळपास प्रत्येकात, किती प्यायले याचा तक्ता फार थोड्यांत. त्यांना नावं ठेवायला तोंड नाही, चार दिवसांपूर्वी मीही तेच वाक्य लिहिलं असतं.

१४ सप्टेंबर

आज शेवट केला. भूल, रक्त, मग भुलीचा जास्तीचा डोस. निळ्या रेघांच्या उंदराने आज तोंड फिरवलं नाही, स्वतःहून हातावर आला. याहून जास्त लिहवत नाही.

गट १ ची मूत्रपिंडं गुळगुळीत, गडद तांबडी. गट २ ची फिकट, फुगलेली, वरून खरबरीत. मधोमध कापताना पात्याखाली वाळू यावी तसं करकरलं. तो आवाज बोटांतून येतो, कानातून नाही. एक अर्ध फॉर्मॅलिनमध्ये, दुसरं ऑक्झलेट मोजायला शीतपेटीत.

२९ सप्टेंबर

स्लाइड्स आल्या. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मुलीकडून सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या, गट मला माहीत नाहीत. ध्रुवीकृत प्रकाशात बाकी सगळं काळं होतं आणि कॅल्शियम ऑक्झलेट तेवढं झळाळतं, त्यामुळे मोजणं सोपं. प्रत्येक स्लाइडची दहा क्षेत्रं, तीन दिवस.

मग चिठ्ठ्या उघडल्या. गट ५ मध्ये स्फटिक गट २ पेक्षा स्पष्ट कमी. गट ४ मध्ये फरक नाही म्हणावा इतकाच. गट ३ मध्ये कमी. इथे थांबले असते तर खांबांचा छान आलेख झाला असता, मोठ्या डोसला मोठा परिणाम, वर 'फरक खरा' सांगणाऱ्या तारका.

त्याऐवजी आडव्या अक्षावर पिंजऱ्याने शेवटच्या दहा दिवसांत रोज सरासरी किती ग्लायकॉलचं पाणी प्यायलं ते, उभ्या अक्षावर स्फटिक. आठ पिंजरे, आठ ठिपके. गट ५ चे दोन्ही खाली डावीकडे. पण त्यांच्या अगदी शेजारी गट २ मधला एक पिंजरा! त्याला रसाचा थेंबही मिळाला नव्हता, तो नुसता कमी पीत होता. गट ४ चे ठिपके गट २ च्या दुसऱ्या पिंजऱ्याजवळ, पाणीही तेवढंच, स्फटिकही तेवढेच. या सहांमधून डोळ्यांनी रेघ ओढता येते. तिच्याखाली सुटलेले दोनच, गट ३ चे. सायट्रेटवाले भरपूर प्यायले आणि तरी त्यांच्यात स्फटिक कमी. औषधाने काम केलं की ठिपका असा रेघेखाली उतरतो. आमचा रस रेघेवर बसला आहे.

आठ ठिपक्यांवर छातीठोक बोलता येत नाही, ना इकडून ना तिकडून. मॅडम आलेख बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाच पहिला आलेख टाकायचा."

६ ऑक्टोबर

समितीकडे सुधारित प्रस्ताव दिला, १८ उंदीर, तीन गट. एकाला ग्लायकॉल आणि रस. दुसऱ्याला रस नाही, पण ग्लायकॉलचं पाणी तेवढंच, जेवढं आदल्या दिवशी पहिला गट प्यायला, आणि वर साधं पाणी हवं तेवढं. नुसतं पाणी आखडलं तर लघवी घट्ट होऊन उलटाच घोळ, म्हणून ही वरची बाटली. तिसऱ्याला जुलैत कापलेलं मॅलेट. एका पिंजऱ्यात एकच उंदीर ठेवायची परवानगी मागितली आहे. त्यावर प्रश्न येणार, एकट्या उंदरालाही त्रास होतोच. काचेतला २३ जूनचा फरक अजून उभा आहे, त्यामुळे माझ्या मते हे अठरा उंदीर मागण्यासारखे आहेत. महिन्याभरापूर्वी होती ती खात्री मात्र नाही.

संध्याकाळी मावशी. "मग, काय म्हणतात तुझे उंदीर? पानं खाऊ की नको?" तिला विचारलं, त्या तीन आठवड्यांत रोज पाणी किती प्यायचीस? "मोजलं कोणी? पण खूप."

काकांबरोबर बसून चाळीस बाटल्यांवर नंबर घातले, प्रत्येकीचं रिकामं वजन झाकणावर कोरलं. एकोणतिसावी गळते, ती बाजूला काढली.